जनावराचे कान गार पडले तर...

व्यायल्यानंतर रक्तस्राव न थांबलेली गाय, वाहनाची धडक बसलेली शेळी, हगवणीने गळालेले वासरू. कारणे वेगळी असली तरी यांचा जीव बहुधा एकाच वाटेने जातो. पशुवैद्यक तिला ‘शॉक’ म्हणतात. शॉक म्हणजे भीती नव्हे की विजेचा धक्का नव्हे. शरीरातील पेशींना पुरेसे रक्त, म्हणजेच प्राणवायू न पोहोचणे म्हणजे शॉक.

सुरुवातीला शरीर झुंज देते. हृदय वेगाने धावते. कातडी आणि पायांकडचे रक्त मेंदू व हृदयाकडे वळते. म्हणून कान गार लागतात, हिरड्या पांढुरक्या दिसतात. जनावर अजून उभे असते, त्यामुळे मालक ‘सकाळी बघू’ म्हणतो. उपचार लागू पडण्याची सर्वाधिक शक्यता मात्र याच वेळी असते. पुढे रक्तदाब कोसळतो आणि जनावर आडवे होते.

तपासणी गोठ्यातच करता येते. हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी काळी असेल तर पापणीच्या आतला रंग पाहा. गाईची नाडी शेपटीच्या मुळाशी खालून, शेळीची मांडीच्या आतून लागते. शांत उभ्या गाईची नाडी मिनिटाला साधारण ५० ते ८० असते. ती जलद आणि क्षीण लागली तर थांबू नका.

उपचार कारणानुसार बदलतो. पोटफुगीत आधी वायू काढावा लागतो. व्यायल्यावर कॅल्शियम घटलेल्या गाईचेही कान गार पडतात. तिला कॅल्शियम लागते, तेही शिरेतून सावकाश. रक्त किंवा पाणी गेले असेल तर सलाईन लागते. पण ४०० किलोच्या गाईत २२ ते २४ लिटर रक्त असते. तिथे अर्ध्या लिटरची बाटली कुठे पुरणार? अशा वेळी पशुवैद्यक ७.२ टक्के मिठाचे तीव्र सलाईन सुमारे दोन लिटर देतात. ते शरीरातले पाणी रक्तात खेचते. त्यानंतर गाईला भरपूर पाणी मिळालेच पाहिजे.

डॉक्टर येईपर्यंत रक्त वाहणारी जागा स्वच्छ कापडाने दाबून धरा. जनावराला छातीवर बसते ठेवा, थंडीत गोणपाट पांघरा. मलूल जनावराला बाटलीने तेल-पाणी पाजू नका. ते फुफ्फुसात जाते. डागणी तर नकोच. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर मदत मागता येते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, अनेकदा निरक्षर महिला तिथे आरोग्यसेविका झाल्या आणि आजार वेळीच ओळखू लागल्या. गोठ्यातही पहिली नजर धार काढणाऱ्या बाईचीच असते. हिरडीचा रंग पाहायला तिला दोन सेकंद पुरतात.