आधीं चाल, मग शृंगार

घरांतील जुनी वस्तु आणि घरांतील तरुण मनुष्य यांची गांठ पडली म्हणजे बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर ती वस्तु भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते, नाहीं तर तिला असें कांहीं रूप येतें कीं, वडील मंडळींस ती ओळखूंही येऊं नये. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यांत हा प्रसंग विशेषेंकरून बजाज कंपनीच्या जुन्या चेतक स्कूटरवर येतो. आजोबांनीं नंबर लावून व वर्षानुवर्षें वाट पाहून मिळविलेली, पुढें वडिलांनीं वापरलेली आणि अखेर जिन्याखालीं धूळ खात पडलेली ही गाडी एके दिवशीं नातू किंवा नात बाहेर काढते. मग बेत ठरतो: गाडी जमिनीसरशी खालीं बसवावयाची, टायर रुंद घालावयाचे, पत्रा थोडा कापून आटोपशीर करावयाचा आणि वर झगझगीत रंग द्यावयाचा.

हा उत्साह आम्हांस मुळींच निंद्य वाटत नाहीं. जुनी वस्तु टाकून देण्यापेक्षां ती हौसेनें उभी करणें केव्हांही चांगलें. परंतु या गाडीचें रूप आणि तिची चाल यांचा संबंध शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा नसून सख्ख्या भावंडांचा आहे. एकाच्या वांट्यास हात लावला कीं दुसऱ्याचें घर हालतें. आणि तें हालतें तेव्हां मागच्या सीटवर आपल्याच घरांतील कोणीतरी बसलेलें असतें. म्हणून हा विषय केवळ गॅरेजचा न मानतां घरांतील सर्वांनीं समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम या गाडीचें कूळ पाहूं. दुसरें महायुद्ध संपल्यावर विमानें बनविणाऱ्या इटलींतील पिआज्जो कंपनीस नवा धंदा शोधणें भाग पडलें. तिच्या पदरीं असलेले विमानविद्येंतील तज्ज्ञ कोर्रादिनो दास्कानियो यांनीं व्हेस्पा नांवाची स्कूटर रचिली, आणि १९४६ च्या एप्रिलांत तिच्या पेटंटसाठीं अर्ज झाला. इकडे बजाज मंडळींनीं १९४८ पासून परदेशी स्कूटरी व तीनचाकी गाड्या आणून विकण्यास आरंभ केला होता. त्या येथेंच बनविण्याचा सरकारी परवाना १९५९ मध्यें मिळाला, पिआज्जोशीं करार झाला, आणि आकुर्डीस व्हेस्पा तयार होऊं लागली. तो करार १९७१ मध्यें संपला व १९७२ मध्यें राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव धारण करून चेतक रस्त्यावर आली. स्कूटर बनविणें थांबविण्याचा निर्णय कंपनीनें २००९ च्या अखेरीस जाहीर केला. २०२० मध्यें तेंच नांव घेऊन विजेवर चालणारी चेतक आली आहे. पण आमचा विषय ती नव्हे. हवेनें थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाची जुनी चेतक, एवढाच आमचा विषय.

दास्कानियो यांच्या रचनेंत दोन गोष्टी विमानांतून उतरल्या. पहिली अशी कीं, मोटारसायकलीला जसा नळ्यांचा सांगाडा असतो तसा येथें नाहीं. दाबून आकार दिलेला पोलादी पत्रा हाच येथें सांगाडा. दुसरी अशी कीं, पुढचें चाक दोन दांड्यांच्या चिमट्यांत न धरतां विमानाच्या चाकाप्रमाणें एकाच अंगानें धरलेलें आहे. मागल्या बाजूस तर इंजिन हाच चाकाचा हात. इंजिनाचें कवच पुढल्या टोंकास रबरी बुशांत एका आडव्या बोल्टवर झुलतें, मागल्या टोंकास स्प्रिंग व तेलाचें नळकांडें यांच्यावर त्याचा भार तोलला जातो, आणि चाक थेट इंजिनांतून निघालेल्या दांड्यावर बसतें. साखळी नाहीं कीं पट्टा नाहीं. बाजूचें इंजिनावरील कवच सुटें निघतें. मुख्य पत्रा मात्र भार वाहणारा. यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, या गाडीचा पत्रा कापणें म्हणजे अंगरखा बेतणें नव्हे, तर हाड कापणें होय. तीच गोष्ट गंजाची. पाय ठेवावयाचा फूटबोर्ड गंजून जाळीदार झाला असतां त्यावर पुट्टी थापून रंग दिला, तर गाडी देखणी होते आणि दुबळी राहते. आणि दुबळेपण झांकलें गेल्यामुळें अधिकच घातक होतें.

आतां चालीकडे वळूं. कारागीर ज्यास सस्पेन्शन म्हणतात त्यांत दोन निरनिराळीं कामें आहेत. स्प्रिंग धक्का पोटांत घेते आणि परत देते. तेलाचें नळकांडें, ज्यास बोलण्यांत शॉकअप म्हणतात, तें परत येणाऱ्या हालचालीची उष्णता करून ती जिरवितें. स्प्रिंग नसेल तर पाठीचा कणा खिळखिळा होईल. शॉकअप निकामी असेल तर खड्डा ओलांडून गेल्यावरही गाडी डोलत राहील, आणि डोलतांना चाकाची जमिनीवरील पकड क्षणोक्षणीं सुटेल.

स्प्रिंग किती मऊ असावी याचा अंदाज शाळेंतील पदार्थविज्ञानानेंही करतां येतो. भारानें गाडी चाकापाशीं १० सेंटीमीटर दबत असेल, तर ती सेकंदास सुमारें १.६ वेळां झुलते. ही गति माणसाच्या चालण्याच्या ठेक्याजवळची असल्यामुळें शरीरास ती सोसते. तोच भार ठेवून स्प्रिंग चौपट ताठ केली, तर दब २.५ सेंटीमीटरवर येते आणि झुलण्याची गति दुप्पट, म्हणजे सेकंदास तीनाहून अधिक होते. गाडी खालीं बसविण्याकरितां स्प्रिंगेचे वेढे कापण्याची जी युक्ति केली जाते, तिचें पाऊल याच दिशेनें पडतें. वेढे कमी झाले कीं उरलेली स्प्रिंग ताठ होते. आठ कामाच्या वेढ्यांतून दोन कापले तर ताठपणा एक-तृतीयांशानें वाढतो. दबण्यास जागा मात्र पूर्वींपेक्षां थोडी उरते. ताठ स्प्रिंग आणि तोकडी जागा असा योग जुळला कीं स्पीडब्रेकरवर गाडीचा तळ आपटावयाचाच.

शिवाय या गाडीचा एक जन्मजात स्वभाव आहे. पुढचा ब्रेक जोरानें दाबला म्हणजे तिचें नाक खालीं जातें. पुढच्या चाकास धरणारा आखूड हात मागल्या दिशेस वळलेला असून ब्रेकचा पीळ त्याच हातावर येतो, म्हणून असें होतें. मूळच्या स्प्रिंगेंत यासाठीं कांहीं दब राखून ठेवलेली असते. स्प्रिंग कापली तर ती राखीव पुंजी आधींच खर्च होते, आणि ऐन प्रसंगीं ब्रेक दाबतांना पुढच्या बाजूस देण्यासारखें कांहींच उरत नाहीं.

उंचीबरोबर आणखी एक गोष्ट बदलते, ती डोळ्यांस दिसत नाहीं. हँडलचा दांडा सरळ उभा नसून मागें कललेला असतो. त्याची रेघ मनानें जमिनीपर्यंत वाढविली, तर चाक जेथें टेकतें त्या जागेच्या ती पुढें पडते. त्यामुळें चाक त्या रेघेमागें ओढलें जाऊन आपोआप सरळ राहतें, जसें खुर्चीच्या पायाखालचें फिरतें चाक खुर्ची ढकलतांच मागें वळतें. लांब शॉकअप घालून मागील बाजू उंच केली कीं दांडा अधिक उभा होतो, हें अंतर घटतें आणि हँडल चंचल होतें. उलट मागील बाजू फार खालीं नेली, तर सायलेन्सर रस्त्याला लागूं लागतो, आणि मधला स्टँड उंचीच्या मानानें लांब ठरून गाडी त्यावर चढवितांना कमरेची परीक्षा होते. रुंद टायराचेंही असेंच. चाकाच्या एका अंगास इंजिन अगदीं लागून असल्यामुळें मूळच्या ३.५० इंच रुंदीच्या टायरासाठीं सोडलेल्या जागेंत फुगीर टायर घासण्याचा संभव असतो.

मूळ रचनाकार या बाबतींत किती सूक्ष्म हिशेब करीत, याचें एक उदाहरण मोटारींतून देण्याजोगें आहे. चाकणला २००९ पासून जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीचा कारखाना आहे. त्या कंपनीचें नांव ज्या मोटारीनें जगभर नेलें, ती बीटल चेतकप्रमाणेंच हवेनें थंड होणारी होती. १९३८ मध्यें तिचें रूप ठरलें, आणि ३० जुलै २००३ रोजीं मेक्सिकोंत शेवटची बीटल बाहेर पडली तोंवर एकंदर २,१५,२९,४६४ गाड्या झाल्या होत्या. तिच्या मागील चाकांस गुंडाळलेली स्प्रिंग नाहीं. आडव्या नळींत पोलादी दांडा असून तो पिळला जातो, आणि तो पीळच स्प्रिंगेचें काम करतो. या दांड्याच्या आंतल्या टोंकास ४० दांते आहेत व बाहेरच्या टोंकास ४४. आंतील एक दांता सरकविला तर ९ अंशांचा फरक पडतो; बाहेरील एक सरकविला तर सुमारें ८ अंश ११ कलांचा. एक पुढें व एक मागें असे सरकविले म्हणजे निव्वळ फरक ४९ कलांचा, एका अंशाहूनही कमी. ज्यांनीं शाळेंत व्हर्निअरची पट्टी हाताळली आहे, त्यांस ही युक्ति तत्काळ उमजेल.

एवढी सोय ठेवण्याचें कारण असें कीं, जुन्या बीटलचीं मागील चाकें दांड्यासह झुलत असल्यामुळें उंची बदलली कीं चाकांचा कल बदलतो. गाडी खालीं केली तर चाकांचे माथे आंत झुकतात व टायरांची आंतली कड झिजते. ती प्रमाणाबाहेर उंच केली तर तळ आंत जातात, आणि वेगानें वळतांना चाक गाडीखालीं दुमडून ती उलटण्याचें भय उत्पन्न होतें. जेथें रचनाकारानें कलांचा हिशेब केला, तेथें आपण कापण्याच्या चक्रीनें अंदाज बांधावा, हें कितपत शहाणपणाचें?

शोभेचा दुसरा घाव बसतो तो थंडाव्यावर. चेतकच्या इंजिनावर एक पंखा बसविलेला असतो. त्याची हवा पत्र्याच्या आवरणांतून सिलिंडरभोंवतालच्या पातळ पट्ट्यांवर नेली जाते. म्हणूनच नाशिक फाट्याच्या गर्दींत गाडी जागच्या जागीं उभी असली तरी इंजिन तापून बंद पडत नाहीं. इंजिन उघडें दिसावें म्हणून हें आंतलें आवरण काढून टाकलें, तर हवा मोकळी सुटते आणि सिलिंडर भाजतो. बाहेरील कवचाच्या फटी शोभेसाठीं बुजविल्या किंवा पट्ट्यांवर जाड रंग चढविला, तरी परिणाम त्याच जातीचा.

मग करावें काय? आमच्या मतें क्रम पाळावा. प्रथम गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचें चाक अधांतरीं करावें आणि हँडल सावकाश एका अंगाकडून दुसऱ्या अंगास फिरवावें. मध्यावर खांच लागल्यासारखें वाटलें तर मानेचे बेअरिंग गेले. नंतर मागील चाक धरून आडवें हलवावें; इंजिनासकट तें लटपटलें तर रबरी बुश पाहावेत. मग गाडी जमिनीवर घेऊन सीट जोरानें दाबून सोडावी. ती वर येऊन एका झोक्यांत स्थिरावली तर शॉकअप ठीक; होडीसारखी डोलत राहिली, किंवा नळकांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, तर तें बदलावें. शेवटीं एक ठराविक खूण धरून जमिनीपासूनची उंची फुटपट्टीनें मोजावी: रिकाम्या गाडीची, एकट्या स्वाराची, आणि मागें दुसरें माणूस बसल्यावरची. हे आंकडे वहींत लिहून ठेवावेत. या मोजणीस मेस्त्रीच हवा असें नाहीं; घरांतील मुलामुलींनीं मिळून ती करावी आणि पाना धरण्यास मुलींस संकोच वाटूं देऊं नये.

ही दुरुस्ती रंगापूर्वीं करण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. या गाडीचा पुढला मडगार्ड हँडलच्या दांड्यावरच बसलेला असतो. तो काढावयाचा तर सबंध दांडा खालीं उतरवावा लागतो. रंग आधीं झाला तर बेअरिंग बदलतांना त्या नव्या रंगावर ओरखडे पडणारच.

कायद्याचीही आठवण ठेवावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ नोंदीशीं विसंगत असे फेरबदल करण्यास मनाई करतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तोच अर्थ उचलून धरला आहे. खाजगी गाडीची नोंद पंधरा वर्षांनीं संपते. पुढें दर पांच वर्षांनीं ती नवी करावी लागते व त्या वेळीं गाडी आरटीओपुढें उभी करावी लागते. रंग बदलला तर त्याची नोंद पुस्तकांत करून घ्यावी. विमा कंपनीशीं प्रसंग पडल्यास हीं कागदपत्रेंच कामास येतात.

एवढें झालें म्हणजे शृंगारास भरपूर वाव आहे. मूळचा रंग उजळून काढावा किंवा नोंद करून दुसरा द्यावा. आरसे, सीटचें कापड, चकचकीत पट्ट्या, रबरी पायपट्टी यांत हवी ती हौस करावी. यांतील एकाही गोष्टीनें चाल बिघडत नाहीं. घरांतील वडिलांनींही एक पथ्य पाळावें: गाडी आपली होती म्हणून तिचा रंग आपणच ठरवूं, असा हट्ट धरूं नये. सुरक्षिततेच्या बाबींत त्यांनीं ठाम राहावें आणि शोभेच्या बाबींत तरुणांस मोकळें सोडावें, म्हणजे जिन्याखालची गाडीही बाहेर येते आणि घरांत वादही होत नाहीं.

आपल्याकडील जुन्या अश्वशास्त्रांत घोड्याच्या वर्णाचा विचार आहे तसाच गतीचाही आहे. राणा प्रतापाच्या चेतकाविषयीं अशी आख्यायिका सांगतात कीं, १५७६ मध्यें हळदीघाटाच्या रणांत एक पाय जायबंदी झाला असतांही त्यानें धन्यास सुखरूप पैल नेलें. तें जिवंत जनावराचें इमान होतें. यंत्रास इमान नसतें. त्याचा पाय आपणच जायबंदी केला तर तें आपणांस रस्त्यांतच सोडील. म्हणून रंगाऱ्याची वेळ ठरविण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसास मागें बसवून गल्लींतून एक फेरी मारावी, आणि त्यांनीं उतरतांना पाठीस हात लावला नाहीं, तरच रंगाचा डबा उघडावा.