हबातली कुत्री

‘पुण्याच्या जुन्या सायकलींवर काहीतरी द्या,’ असं संपादक म्हणाले, तेव्हा आधी आठवलं ते कर्वेनगरातलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय. पण मला दुरुस्तीला आलेली सायकल बघायची होती. ती नाना पेठेतल्या एका बोळवजा दुकानात उलटी टांगलेली सापडली. हिरवी रॅले. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी ती मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारातून उचलली होती.

रॅलेची कुळकथा थोडक्यात अशी. 1887 च्या सुमारास फ्रँक बोडेन या गृहस्थांनी नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरचं छोटं दुकान विकत घेतलं आणि त्यातून जगभर पोचलेला कारखाना उभा केला. आपल्याकडे पुढे आसनसोलला सेन-रॅले निघाली. चेनव्हीलमध्ये कापलेला बगळा ही रॅलेची खूण. ती दाखवून झाल्यावर दुकानाच्या मिस्त्रींनी मागच्या चाकाचा हब फडक्यानं पुसला. त्यावर ठसा होता : स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, 56, 9. म्हणजे हब सप्टेंबर 1956 चा.

आणि माझा उरलेला दिवस त्या हबातच गेला.

बाहेरून दिसतो तो एक जाडसर लोखंडी डबा. आत तीन गिअर. आस जागची हलत नाही आणि तिच्यावर वीस दात्यांचं एक चक्र कोरलेलं असतं. त्याच्याभोवती तेवढ्याच दात्यांची चार छोटी चक्रं फिरतात आणि या सगळ्यांना वेढून साठ दात्यांचं कडं. त्या हिशेबानं पहिल्या गिअरला मागच्या दातेरी चक्राच्या एका फेऱ्याला चाक पाऊण फेरा फिरतं, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला एक आणि वर तिसरा हिस्सा. 1936 सालची ही रचना इतकी पक्की निघाली की पुढची कित्येक दशकं तिला फारसा हात लावावा लागला नाही.

जोर चाकापर्यंत पोचवतात त्या चार बारीक खिट्ट्या. मिस्त्री त्यांना कुत्री म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला त्यातली दोन टिकटिकत राहतात, पहिल्याला सगळं गप्प. या सायकलीत तिन्हीला गप्प होतं आणि पेडल नुसतं फिरत होतं. कुणीतरी पातळ तेलाच्या जागी ग्रीस कोंबलं होतं, ते वाळून डिंक झालं, आणि केसाएवढ्या स्प्रिंगांना काही ही कुत्री उठवता येईनात.

उघडण्याआधी मिस्त्रींनी उजवीकडच्या छर्‍यांच्या कड्यावर आणि हबवर समोरासमोर पंचनं एकेक खूण केली. या कड्याला दोन सुरुवातींचे आटे असतात. परत लावताना चुकीचा आटा धरला तर चाक एका बाजूला सरकतं आणि मग आउट काढत बसा. हे कुठे शिकलात, असं विचारलं तर म्हणाले, ‘मार खाऊन, साहेब.’ मग डिझेलच्या डब्यात सगळं भिजत पडलं.

सुटे भाग मिळत नसतील, ही माझी समजूत तिथेच निकालात निघाली. पुढे 32 आणि मागे 40 आरे, अठ्ठावीस बाय दीडचा टायर ही जुनी विलायती मापं आपल्या दूधवाल्यांच्या सायकलींनी जपून ठेवली आहेत. रिम, टायर, आरे पेठेतच मिळाले. कॉटर पिना मात्र ठोकून निघेनात. एक वाकली आणि शेवटी ड्रिलनं काढावी लागली.

खरी कटकट रंगाची. मालकांना सायकल कोरी करकरीत हवी आहे. पावडर कोटिंगवाला आधी वाळूचा मारा करणार, आणि हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा, अर्धवट उरलेली रॅलेची अक्षरं त्यातच जाणार. हँडलला पुन्हा क्रोम चढवायचं तर पॉलिशवाला गंज घासता घासता कोरलेलं नावही घासून टाकतो. शिवाय एका हँडलसाठी प्लेटिंगवाले टाकी चालवायला राजी नसतात. मिस्त्रींचं म्हणणं, नुसती ओव्हरऑइल करा, पुसा, मेण लावा. मालक म्हणतात, मग एवढा खर्च करून दिसणार काय? मला मिस्त्रींचं पटतं, पण पैसे मी भरत नाही.

त्यात साफ करताना कुत्र्याची एक स्प्रिंग तुटली. स्टर्मी-आर्चर 2000 साली तैवानच्या सनरेसकडे गेली, तरी जुन्या हबांना चालणारे भाग बाहेरून मागवता येतात. स्प्रिंग स्वस्त आहे, टपालखर्च तिच्या कैक पट. म्हणून मिस्त्रींनी मालकांना एकदम दहा मागवायला लावल्या आहेत. त्यांचा मुलगा शेजारच्या गाळ्यात बॅटरीवरच्या स्कूटर दुरुस्त करतो, त्याला हा हब उघडता येत नाही. उरलेल्या नऊ स्प्रिंगा कोण बसवणार, असं विचारल्यावर मिस्त्री छर्रे मोजत होते, त्यांनी मान वर केली नाही. ‘आधी दहा येऊ द्या की,’ म्हणाले.