टीपी, सिम्बॉल रेट आणि चार ठिपके

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर मेहकरला जा नाहीतर घाटाखाली मलकापूरला, घरांवरच्या फ्री डिशच्या छत्र्यांचे तोंड आग्नेयेलाच असते. दूरदर्शनचे हे फुकट चॅनेल ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे. बुलढाणा शहरातून तो उत्तरेपासून सुमारे १३८ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश उंच येतो. छत्री त्या मानाने बरीच उभी दिसते, कारण ती ऑफसेट पद्धतीची असते आणि लहरी तिच्यावर तिरक्या पडून समोरच्या एलएनबीकडे, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीकडे, वळतात.

छत्रीचे तोंड बरोबर झाले की काम झाले, असे पाहणाऱ्याला वाटते. डिश बसवणाऱ्या कारागिराला ठाऊक असते की काम आता सुरू होते. तो रिमोट हातात घेतो, मेनू उघडतो आणि टीपी, म्हणजे उपग्रहावरच्या ट्रान्सपाँडरची वारंवारता, ध्रुवण आणि सिम्बॉल रेट, टाकतो: ११०९०, व्हर्टिकल, २९५००. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एक सिग्नलच्या ताकदीची आणि दुसरी क्वालिटीची. ताकदीची पट्टी बऱ्याचदा आधीपासूनच भरलेली दिसते, कारण एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही त्यातच मोजला जातो. म्हणून जाणता कारागीर क्वालिटीवर नजर ठेवतो. ती पट्टी हलली, तर बॉक्समधल्या डिमॉड्युलेटर नावाच्या चिपला पाठवणाऱ्याची खूण पटली असे समजायचे.

ही चिप आणि तिला द्यायच्या सेटिंग्ज हा या लेखाचा विषय आहे. २००४च्या डिसेंबरात दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ही सेवा सुरू केली, तेव्हापासून हे यंत्र आपल्या घराघरांत आहे. त्याच्या आत काय चालते हे मात्र आपण पोरांना कधी दाखवले नाही.

उपग्रहाकडून येणारी लहर मुळात एकसारखी डोलणारी असते. तिच्या डोलण्याची वेळ मागेपुढे सरकवून माहिती भरली जाते. क्यूपीएसके या पद्धतीत अशा सरकण्याच्या चार ठरलेल्या जागा असतात, आणि प्रत्येक जागा दोन बिट सांगते. एका सेकंदाला अशी किती स्थाने पाठवायची, तो सिम्बॉल रेट. २९५०० म्हणजे सेकंदाला २ कोटी ९५ लाख. दुप्पट केली की ५ कोटी ९० लाख बिट होतात. तीनचतुर्थांश कोडिंग असेल तर चारातला एक बिट चूक दुरुस्तीसाठी खर्ची पडतो, रीड-सोलोमनची दुरुस्ती आणखी थोडे घेते, आणि चित्र-आवाजासाठी सुमारे ४ कोटी ८ लाख बिट उरतात.

अनेक बॉक्समध्ये आधीच भरून ठेवलेला आकडा २७५०० असतो. तो तसाच ठेवला तर दर सेकंदाला २० लाख सिम्बॉलची तफावत पडते. शेगावच्या पालखीत मृदंगाची लय सुटलेला टाळकरी कितीही जोरात टाळ वाजवो, तो दिंडीत बसत नाही. डिमॉड्युलेटरचेही तसेच होते. छत्री मोठी केली, केबल बदलली, तरी क्वालिटी शून्यच राहते.

घरचा बॉक्स या सगळ्याची फक्त एक पट्टी दाखवतो. प्रयोगशाळेतले सिग्नल विश्लेषणाचे सॉफ्टवेअर त्याचे पोट उघडून दाखवते. त्यात प्रत्येक सिम्बॉल एका आलेखावर ठिपका म्हणून पडतो, आणि सगळे बरोबर असेल तर चार कोपऱ्यांत चार गच्च पुंजके दिसतात. बिघाड असेल तर ठिपक्यांच्या आकारावरून तो ओळखता येतो. वारंवारता थोडी चुकली तर ठिपके गोल फिरून कडे तयार होते. ऑसिलेटर अस्थिर असेल तर पुंजके कमानीसारखे ताणले जातात. नुसता गोंगाट वाढला तर पुंजके चारही बाजूंनी सारखे फुगतात, आणि पावसाळ्यात आभाळ गच्च भरून आले की केयू बँडवर, म्हणजे फ्री डिशच्या लहरींवर, नेमके हेच होते.

सेटिंगचा क्रम माझ्या मते सक्तीने पाळावा. आधी मधली वारंवारता. एलएनबी ९७५०ची असेल तर तेवढे वजा होऊन ११०९०चा सिग्नल केबलमधून १३४० मेगाहर्ट्झवर उतरतो; पण साध्या एलएनबीची वारंवारता तापमानानुसार सरकते, त्यामुळे मलकापूर-नांदुऱ्याच्या मे महिन्यातल्या उन्हात नेमका आकडा पडद्यावर बघूनच ठरवावा. त्यानंतर सिम्बॉल रेट, मग मॉड्युलेशनचा प्रकार. शेवटी फिल्टर: पाठवणाऱ्याने लहरीला अर्धा आकार दिलेला असतो आणि उरलेला अर्धा आपण द्यायचा असतो. त्याचा रोल-ऑफ जुन्या डीव्हीबी-एस मानकात ०.३५ आहे, तर डीव्हीबी-एस२मध्ये ०.३५, ०.२५ आणि ०.२० असे तीन पर्याय आहेत. इक्वलायझर पहिल्यांदा बंदच ठेवावा. तो चालू असला की केबलमधले आणि जोडातले दोष झाकले जातात, आणि आपल्याला तर तेच शोधायचे असतात.

मॉड्युलेशनच्या प्रकारात एक फसवी जागा आहे. क्यूपीएसकेचा सिग्नल चुकून ८पीएसके म्हणून वाचला, तर त्याचे चार ठिपके आठ जागांपैकी चारांवर नीट बसतात आणि चूक किती हे सांगणारा आकडा, म्हणजे ईव्हीएम, छान कमी येतो. उत्तर मात्र साफ चूक असते. उरलेल्या चार जागा रिकाम्या आहेत हे डोळ्याने पाहणाऱ्यालाच कळते. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नये, आलेख बघावा.

सेटिंगच्या क्रमात वारंवारता पहिली का, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचा शियापरेली लँडर मंगळावर उतरत होता. जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण त्याचा ४०१ मेगाहर्ट्झजवळचा क्षीण सिग्नल ऐकत होती. त्यातली माहिती उलगडण्याइतकी ताकद त्यात नव्हती. तरी लहरीची वारंवारता कशी सरकते यावरून लँडरचा वेग कसा घटतो हे पृथ्वीवर कळत होते, आणि उतरण्याआधीच सिग्नल थांबला तेही प्रथम तिथेच दिसले.

डिमॉड्युलेशन शिकायला आता लाखांचे यंत्र लागत नाही. टीव्हीसाठी बनलेल्या आरटीएल२८३२यू चिपचा स्वस्त यूएसबी डोंगल संगणकाला लावला की रेडिओ होतो. तो सुमारे २.४ मेगाहर्ट्झचा पट्टाच घेऊ शकतो, त्यामुळे फ्री डिश त्यात मावणार नाही. पण रशियाचे मेटिऑर-एम हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास सेकंदाला ७२ हजार सिम्बॉल पाठवतात, आणि ते सहज मावतात. प्रत्येकी सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन सळया १२० अंशांत व्हीसारख्या पसरल्या की अँटेना तयार. सॅटडम्प हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात सिम्बॉल रेट ७२के, म्हणजे ७२ हजार, निवडायचा की ८०के, हीच पहिली परीक्षा. अमेरिकेच्या जुन्या नोआ उपग्रहांची सोपी अॅनालॉग चित्रे आजवर हौशी लोकांची पहिली पायरी होती. ते उपग्रह २०२५मध्ये सेवेतून गेले, म्हणजे आता पहिल्याच पायरीवर डिजिटल डिमॉड्युलेशन आले.

शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३पासून आहे, आणि चिखली-बुलढाण्यातही तांत्रिक शिक्षणाची सोय आहे. या संस्थांना माझी विनंती आहे की विद्यार्थ्यांना क्यूपीएसकेची आकृती फळ्यावरून उतरवून देऊन थांबू नका. गच्चीवर एक छत्री लावा, तालुक्यातल्या डिश बसवणाऱ्या मुलांना वर्गात बोलवा आणि ते चार पुंजके दोघांनाही एकाच पडद्यावर दाखवा. कारागिराला क्वालिटीची पट्टी कशामुळे हलते ते समजेल, आणि विद्यार्थ्याला टीपी कसा टाकतात ते.