गर्दी येण्यापूर्वी

यंत्र बंद पडले म्हणजे त्याच्यापाशी जो उभा असतो त्याच्यावर लोक चिडतात. ते यंत्र कोणी घेतले, कोणी तपासले, तपासायला किती दिवस दिले, हे कोणी विचारीत नाही. आज बँकेतला रोखपाल आणि आरक्षणाच्या खिडकीवरचा कारकून ‘सर्व्हर डाउन आहे’ एवढे सांगून दिवसभर शिव्या खातो. कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्याला म्हणूनच या विषयात शिरावे लागले. शाळेत आम्हांला यातले काही शिकवलेले नाही. थोडे संगणकावर काम करणाऱ्या आमच्या सभासदांनी समजावले, बाकीचे वाचून जमवले.

सॉफ्टवेअर बरोबर चालते का, हा एक प्रश्न. ते गर्दीत चालते का, हा निराळा प्रश्न. एका माणसाने बटण दाबले आणि उत्तर नीट आले, म्हणून लाख माणसांनी एकदम दाबल्यावर येईलच असे नाही. या दुसऱ्या प्रश्नाच्या तपासणीला कामगिरीची चाचणी म्हणतात, आणि ती वेळेवर झाली नाही तर काय होते याचा धडा अमेरिकेत सापडतो.

तेथे आरोग्यविम्याचा नवा कायदा झाल्यावर लोकांना विमा निवडता यावा म्हणून सरकारने ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ 1 ऑक्टोबर 2013 रोजी खुले केले. विमा नसलेली लाखो कुटुंबे त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. एका वेळी पन्नास-साठ हजार माणसे येतील असा अंदाज होता. अडीच लाखांपर्यंत आली. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती सहा जणांची!

पण दोष निव्वळ गर्दीवर टाकून भागत नाही. विम्याच्या योजना नुसत्या पाहायच्या तरी आधी खाते उघडा, अशी अट घातली गेली होती. म्हणजे देवळाबाहेरूनच कळस पाहू इच्छिणाऱ्यालाही चप्पल काढून रांगेत उभे केले, आणि नेमका तोच दरवाजा अरुंद निघाला. सुरू होण्याच्या काही दिवस आधी काहीशे माणसांइतका भार टाकताच ते कोलमडल्याचे पुढे वृत्तपत्रांनी छापले. त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे ठेकेदारांनी साक्ष दिली, की सगळे भाग जोडून केलेली चाचणी अखेरच्या दोन आठवड्यांत झाली. तिला काही महिने हवे होते. काम अनेक ठेकेदारांत वाटलेले. प्रत्येकाने आपला तुकडा तपासला. सगळा संसार उभा राहतो का, हे पाहणारा धनी नव्हता.

आता थोडे गणित. भिण्याचे कारण नाही, दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. तासाला दहा रोगी येत असतील आणि प्रत्येकाचा अर्धा तास मोडत असेल, तर दवाखान्यात सरासरी पाच माणसे असणार. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने 1961 साली याची सिद्धता छापली. संगणकालाही हाच नियम. सेकंदाला 200 विनंत्या आल्या आणि प्रत्येकीला दोन सेकंद लागले, तर आत 400 असतात. तोच वेळ आठ सेकंद झाला, तर 1600. बाहेरची गर्दी एका माणसानेही वाढलेली नाही, तरी आतली चौपट झाली!

दुसरी गोष्ट याहून फसवी. माणसे वेळापत्रक लावून येत नाहीत. अशा रांगेचे ढोबळ गणित असे, की कारकून निम्मा वेळ कामात असेल तर तुमचे काम व्हायला एरवीच्या दुप्पट वेळ लागतो; नव्वद टक्के वेळ गुंतलेला असेल तर दसपट, आणि पंचाण्णव टक्के असेल तर वीसपट. म्हणून ‘अजून दहा टक्के जागा शिल्लक आहे’ असे सांगणारा अधिकारी कड्याच्या टोकाशी उभा असतो. कारकुनाला क्षणाचीही उसंत देऊ नये, असे मानणाऱ्या व्यवस्थापकांना आम्ही हेच गणित वाटाघाटीत ऐकवत असतो, ते असो.

तिसरी फसवणूक सरासरीची. शंभरांपैकी पंचाण्णव जणांना एका सेकंदात उत्तर मिळाले आणि पाच जण चाळीस सेकंद ताटकळले, तर सरासरी येते सुमारे तीन सेकंद. तीन सेकंद थांबलेला मनुष्य त्यांत एकही नाही! जाणते लोक म्हणून विचारतात, की शंभरातल्या पंचाण्णवाव्या माणसाला, नव्याण्णवाव्याला किती वेळ लागला.

मग एखाद्या संस्थेने ही शिस्त आपल्या घरात कशी रुजवावी? पहिल्याने आकडा ठरवावा. ‘वेगवान पाहिजे’ हा आकडा नव्हे. ‘एका वेळी इतकी माणसे, इतक्या सेकंदांत उत्तर, शेकडा इतक्याहून कमी चुका’ हा आकडा. तो संगणकवाल्यांनी एकट्यांनी ठरवू नये. खिडकीवर बसणाऱ्याला विचारावे, कारण गर्दी केव्हा उसळते हे त्यालाच ठाऊक असते. रेल्वेच्या तत्काळ आरक्षणाला वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि बाकीच्यांसाठी अकराला झुंबड उडते; तेथे दिवसाची सरासरी काय कामाची? जुलै 2014 च्या रेल्वे अर्थसंकल्पात मिनिटाला 2000 तिकिटांऐवजी 7200 तिकिटे आणि एका वेळी 1,20,000 माणसे, असे उद्दिष्ट मांडले गेले. असा आकडा समोर असला म्हणजे चाचणीला तोंड फुटते.

चाचणीसाठी उभी केलेली प्रणाली खरीसारखी हवी. हजार नोंदींच्या वहीत नाव चटकन सापडते; एक कोटी नोंदींत सापडते का, ते पाहावे. भारही निरनिराळ्या तऱ्हांनी टाकावा: रोजचा, एकाएकी उसळणारा, मोडेपर्यंत वाढवत नेलेला, आणि दिवसरात्र संथ चालणारा. या शेवटच्याचा लोकांना कंटाळा येतो, पण स्मृती हळूहळू गळत जाण्याचा दोष त्यातच सापडतो. आणि हे सगळे अखेरच्या आठवड्यावर टाकू नये. दर बदलानंतर छोटी चाचणी घेऊन कालच्या आकड्याशी ताडून पाहिली, की बिघाड कोणत्या दिवशी शिरला ते कळते.

मोजमापाला मात्र कामगार बिचकतो, आणि ते अकारण नाही. 1928 साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. दोन साच्यांच्या जागी तीन साचे एका विणकराने सांभाळावेत, ही त्यातली एक मोठी तक्रार होती. घड्याळ हातात घेऊन येणारा मनुष्य आपली भाकरी मोजायला आला आहे, हे तेव्हापासून अंगात भिनलेले आहे. चाचणीचा आकडा एखाद्या मुलाच्या पगारवाढीला जोडला, की पुढच्या खेपेला आकडा सुंदर येतो आणि प्रणाली तशीच राहते. यंत्र मोजा, माणूस मोजू नका, एवढा करार आधी झाला पाहिजे.

अमेरिकेतल्या दुरुस्तीत हेच दिसले. प्रणालीची नाडी दाखवणारा फलकदेखील आधी नव्हता, तो बसवला. बाहेरून मिकी डिकरसन हा अभियंता आला. त्याने बैठकीला नियम घातले: येथे प्रश्न सोडवायचे, दोष ढकलायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत, आणि ज्याला त्या प्रश्नाची सर्वांत जास्त माहिती त्याने बोलायचे, ज्याचा हुद्दा मोठा त्याने नव्हे. आमच्या सभांतही हा नियम लावावा असे आम्हांला किती वेळा वाटले आहे! 1 डिसेंबर 2013 पर्यंत एका वेळी 50,000 माणसे पेलावीत, उत्तर एका सेकंदाच्या आत यावे आणि चुका शेकडा एकाहून कमी राहाव्यात, इतपत ते काम सुधारले, असे सरकारने जाहीर केले. पुढल्या एप्रिलपर्यंत नव्या विमा-बाजारांतून ऐंशी लाखांवर लोकांनी विमा निवडला.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. अशा चाचण्या बहुधा रात्री किंवा सुटीच्या दिवशी होतात, कारण दिवसा प्रणाली लोकांच्या हाती असते. ही जागरणे हजेरीपटावर चढत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी नवाला तीच मुले पुन्हा कामावर असतात. संस्था चाचणीसाठी यंत्रे भाड्याने घेते तेव्हा त्यांचे तास मोजून पैसे देते. शेजारी बसलेल्या माणसाच्या तासांची नोंद त्याच कागदावर करावी, अशी मागणी आम्ही सध्या दोन ठिकाणी लावून धरली आहे. एका ठिकाणी ती मान्य झाली आहे.