नालवाडीतली उमेदवारी

विनोबा भावे ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्याला आले तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं. जमनालाल बजाजांनी वर्ध्याच्या आश्रमासाठी गांधीजींकडे माणूस मागितला, गांधीजींनी विनोबांना पाठवलं आणि एका तरुणाच्या हाती अख्खा आश्रम आला. म्हणजे पद आधी मिळालं. पुढे १७ ऑक्टोबर १९४० रोजी गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला मान त्यांना दिला, नेहरूंचा नंबर त्यांच्यानंतर. तरीही हे विनोबा कोण, हे सांगायला गांधीजींना ‘हरिजन’मध्ये लेख लिहावा लागला. या दोन तारखांच्या मधे नालवाडी येते. नेता म्हणून विनोबांचं खरं शिक्षण तिथे झालं, असं मला वाटतं.

बोलण्यावर त्यांची हुकमत होतीच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस हा माणूस वर्ध्यालगतच्या नालवाडीत, दलितांच्या वस्तीत राहायला गेला. तिथल्या लोकांपुढचा प्रश्न मजुरीचा होता, आणि तो प्रवचनाने सुटणारा नव्हता.

मग विनोबांनी टकळी हातात घेतली. सूत कातायला ते पूर्वीच शिकले होते. आता अट अशी घातली की चरखा संघ कातणाऱ्या बाईला जो दर देतो त्याच दराने स्वतःची मजुरी मोजायची आणि तेवढ्यातच पोट भरायचं. दिवसाचे आठ-आठ तास कातूनही हाती पडायचे जेमतेम काही आणे. तेवढ्यात दूध बसवायचं की भाजी, असा हिशेब. खादीवर भाषणं करणारे तेव्हा देशभर होते, पण खादीच्या दरात जगता येतं का हे अंगावर घेऊन पाहणारा विरळाच. १९३५ मध्ये गांधीजींच्या आग्रहाने चरखा संघाने कातणाऱ्यांना पोटापुरती मजुरी देण्याचं धोरण स्वीकारलं. हा बदल एकट्या विनोबांमुळे झाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण गांधीजींना तो नुसता कागदावरचा प्रश्न वाटू नये, इतका नालवाडीचा अनुभव विनोबांजवळ होता.

याच काळात, १९३४ मध्ये, ग्रामसेवा मंडळ उभं राहिलं. इथे विनोबांनी दुसरी गोष्ट साधली, आणि नव्या नेत्याला तीच सगळ्यात जड जाते: काम दुसऱ्याच्या हाती सोपवून बाजूला राहणं. नालवाडीचं चर्मालय गोपाळराव वाळुंजकरांनी चालवलं. समाज ज्या कामाला नाक मुरडत होता ते त्यांनी मुळातून शिकून घेतलं. मनोहर दिवाण कुष्ठरोग्यांच्या सेवेकडे वळले आणि १९३६ मध्ये दत्तपूरचं काम सुरू झालं. वैद्यकाचं शिक्षण नसलेल्या या माणसाने उपचार शिकून घेतले. गांधीजींनी १९४०च्या त्या लेखात विनोबांच्या जमेच्या बाजू मांडताना हे कामही आवर्जून धरलं.

आता आजची नालवाडी. वर्धा शहराला ती इतकी चिकटली आहे की शहर कुठे संपलं हे नवख्याला कळत नाही. विनोबांना आश्रम मिळाला तशी आजच्या सरपंचाला खुर्ची मिळते, तीही थेट लोकांच्या मतांवर. २०१७ मध्ये महाराष्ट्रात थेट निवडणूक आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. निम्मी पदं स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यामुळे कितीतरी सरपंचताई घरातली पहिलीच पदाधिकारी असतात. सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं, असंही होतं. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. ही दोन वर्षं म्हणजे कायद्याने दिलेली उमेदवारीच. पण बहुतेकांची ती सत्कारात आणि फायली समजण्यात जातात. निधीचे नियम, ग्रामसभेचा कोरम, कुठल्या कागदावर कुणाची सही लागते, हे सगळं ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, पाठ असतं. सरपंचताई विचारतात, “भाऊ, हे असंच असते काय?” भाऊ म्हणतात, “हो ताई, असंच असते.” सही होते. ‘यशदा’ या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या वर्गात नियम कळतात. रोजगार हमीच्या कामावरच्या बाईला मजुरी किती दिवसांनी मिळाली, हे मात्र तिच्याकडे जाऊनच विचारावं लागतं.

विनोबांचा मार्ग जसाच्या तसा उचलावा असं मी कुणाला सांगणार नाही. त्यांना संसार नव्हता, पाच वर्षांची मुदतही नव्हती. शिवाय कुठे थांबायचं हे त्यांना उमगलं नव्हतं. १९३८ पर्यंत वजन ८८ पौंडांवर आलं. गांधीजींनी बोलावून घेऊन दटावलं, हवापालट करायला सांगितलं. विनोबांनी थंड हवेचं ठिकाण नाकारलं आणि ७ मार्च १९३८ ला जवळच्याच पवनारला, धाम नदीकाठच्या जमनालालजींच्या बंगल्यात राहायला गेले. धाम ओलांडताना त्यांनी मनातून सगळी कामं सोडली. पवनारला रोज थोडं खणायचं, एवढाच उद्योग ठेवला. काही महिन्यांत वजन भरून आलं. नालवाडीचं चर्मालय, दत्तपूरचं काम आणि ग्रामसेवा मंडळ तोवर ज्यांच्याकडे सोपवलं होतं तेच चालवत होते.