हुकमाची त्वरा आणि दाद मागण्याची वाट

एकहाती अंमल असलेल्या राज्यात नवे तंत्र झपाट्याने रुजते आणि लोकशाहीत ते दप्तरांखाली रखडते, हा समज बोईसरच्या लोकलमध्ये जितक्या ठामपणे बोलून दाखवला जातो, तितका तो खरा नाही. अमेरिकेशी ८ ऑगस्ट १९६३ रोजी करार झाल्यावर नेहरू व शास्त्री या दोन पंतप्रधानांचे निधन, १९६५ चे युद्ध आणि १९६७ ची सार्वत्रिक निवडणूक एवढे सारे मध्ये येऊनही तारापूरचे देशातील पहिले अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी रीतसर वीज विकू लागले. याउलट, २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा, शेकडो बसगाड्या जमवून प्रिपियात शहर दुसऱ्याच दिवशी रिकामे करणाऱ्या सोव्हिएत सत्तेने जगापासून ती वार्ता दडवली, आणि ती फुटली ती स्वीडनमधील एका केंद्रातील किरणोत्सर्ग मापकांमुळे. हुकूम सोडण्याची त्वरा आणि चूक कबूल करण्याची तयारी, हे गुण एकत्र नांदतातच असे नाही.

म्हणून लोकशाही सर्वत्र सारखीच खुली असते, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने हे क्षेत्र केंद्राच्या मुठीत व बरेचसे पडद्याआड ठेवले होते; २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि पुनर्वसनाची दाद मुंबई उच्च न्यायालयात मागावी लागली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने खाडीतली मासळी हटली, त्याचा निवाडाही मतपेटीतून आला नाही. २०१० च्या कायद्याने निर्माण झालेल्या राष्ट्रीय हरित लवादापुढे मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये अर्ज केला, तेव्हा कोठे त्या तक्रारीला अधिकृत कान मिळाला.

अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचा शब्द जमिनीबाबत अखेरचा, हा तिसरा समज. १९९६ च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायत विस्तार) कायद्यात भूसंपादनापूर्वी केवळ ‘सल्लामसलत’ सांगितली आहे. ‘पूर्वसंमती’ हा शब्द आला तो २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, आणि एवढा एक शब्द बदलायला सतरा वर्षे लागली. तीही संमती ग्रामसभेची किंवा योग्य त्या स्तरावरील पंचायतीची. शिवाय याच कायद्याने आपल्या तरतुदींतून ज्या अधिनियमांना वगळले, त्यांच्या चौथ्या अनुसूचीतील यादीत १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याचे नाव होते.