उलटी मोजणी कुणाच्या घड्याळानं?

लातूरच्या ट्यूशन एरियात मार्च संपत आला की एकच आकडा सगळीकडे दिसायला लागतो: नीटला उरलेले दिवस. फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेला, वहीच्या पहिल्या पानावर, आणि क्लासच्या वेबसाइटवर सेकंदासेकंदाला कमी होत जाणारा. फळ्यावरचा आकडा रोज सकाळी कुणीतरी पुसून नवा लिहितो, त्यामुळे तो सहसा चुकत नाही. वेबसाइटवरचा चुकतो.

समजा, एका वेबसाइटवर उलट्या मोजणीची अशी एक पाटी २०२४ साली बसवली. त्या वर्षी नीट ५ मे रोजी होती. बनवणाऱ्यानं तारीख लिहिली ०५/०५/२०२४. पाटी बिनबोभाट चालली, बिल निघालं. पुढच्या वर्षी परीक्षा ४ मे रोजी आली, म्हणून त्यानं जुनी तारीख खोडून ०४/०५/२०२५ घातली. ही पाटी ५ एप्रिल लागताच रात्री बारा वाजता शून्यावर येते. परीक्षेला अजून २९ दिवस असतात. कारण तिरप्या रेघांची तारीख दिसली की ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट ती अमेरिकी रिवाजानं वाचते: आधी महिना, मग दिवस. ५ मे ही तारीख दोन्हीकडून सारखीच, म्हणून पहिल्या वर्षी खोट झाकून राहिली.

हीच पाटी मागच्या वर्षांना लावून पाहा. २०२३ ची नीट ७ मे रोजी होती. पाटी ती ५ जुलै समजणार आणि परीक्षा होऊन गेल्यावर दोन महिने ‘इतके दिवस उरले’ सांगत बसणार. २०२२ ची १७ जुलैला होती. सतरावा महिना कुठून आणायचा? तिथे आकड्यांच्या जागी ‘नॅन’ हा शब्द उमटतो, म्हणजे ‘हा अंकच नाही’. या तिन्हींत मला शेवटची चूक सगळ्यांत प्रामाणिक वाटते, निदान ती लपत तरी नाही.

रेघा टाळून आकडे सुटे दिले तर दुसरी गंमत. जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते. जानेवारी शून्य, मे चार. पाच लिहिलं की जून. दिवस मात्र एकपासूनच. याला तर्क विचारू नये.

आता पाटीच्या आत डोकावू. टायमर लिहायला बसलेला नवखा माणूस पहिल्यांदा जे करतो ते अगदी साहजिक असतं: साठ मिनिटं म्हणजे ३६०० सेकंद, दर सेकंदाला एक वजा करा, शून्य झालं की थांबा. त्यासाठी ‘सेटइंटरव्हल’ नावाची सोय आहे. तिला सांगायचं, दर हजार मिलिसेकंदांनी मला हाक मार. ती हो म्हणते, पण ती हाक ‘हजारच्या आधी नाही’ एवढ्याच बोलीची असते. पान दुसऱ्या कामात गुंतलं असेल तर हाक उशिरा येते, आणि हे उशीर साचत जातात.

खरी गडबड पान नजरेआड झाल्यावर होते. बॅटरी वाचावी म्हणून ब्राउझर मागच्या टॅबमधल्या हाका कमी करतो. क्रोममध्ये २०२१ पासून, पाच मिनिटांहून जास्त वेळ लपलेल्या पानाला बऱ्याचदा मिनिटाला एकच हाक मिळते. फोनची स्क्रीन बंद केली तर तीही बंद. म्हणजे अहमदपूरचा एखादा पोरगा सराव परीक्षा सोडवताना मधेच दुसऱ्या टॅबवर गेला आणि वीस मिनिटांनी परत आला, तर त्याची पाच-सहाच मिनिटं खर्ची पडलेली असू शकतात. कुणी लबाडी केलेली नसते. टायमर झोपला होता, इतकंच.

उपाय एका ओळीचा आहे, पण तो सुचायला विचाराची दिशा बदलावी लागते. टायमरनं मोजायचंच नाही. परीक्षा किती वाजता संपणार तो क्षण एकदा लिहून ठेवायचा, आणि हाक येईल तेव्हा विचारायचं: आत्ता किती वाजले, आणि शेवटाला किती उरले? हाक उशिरा आली, दहा हाका बुडाल्या, तरी पुढच्या हाकेला आकडा बरोबर जागी येतो. हाकेचं काम फक्त पडदा पुसून नवा आकडा लिहिणं. फळ्यापाशी रोज सकाळी येणाऱ्या माणसासारखं. तो चार दिवस गावाला गेला म्हणून परीक्षा चार दिवस पुढे जात नाही.

पण ‘आत्ता किती वाजले’ हे विचारायचं कुणाला?

इथे जुन्या लग्नांतलं घटिकापात्र आठवतं. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं, झाली. त्या वाटीला वाजले किती ते ठाऊक नसतं. किती वेळ गेला एवढंच ती सांगते. भिंतीवरच्या घड्याळाला क्षण ठाऊक असतो, पण कुणीही स्टुलावर चढून त्याचे काटे फिरवू शकतो. संगणकातही ही दोन वेगळी यंत्रं आहेत. एक तारीख-वेळ सांगणारं, सेटिंगमध्ये जाऊन पुढेमागे करता येणारं. दुसरं ‘परफॉर्मन्स’ नावाखाली मिळणारं, पान उघडल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारं, ज्याचे काटे कुणाला मागे फिरवता येत नाहीत. हे आपलं घटिकापात्र. त्यातही एक मेख आहे: लॅपटॉप झाकून झोपवला की काही ब्राउझरांत ही वाटीही भरायची थांबते. म्हणून एकट्या वाटीवर भिस्त ठेवता येत नाही.

आणि भिंतीवरचं घड्याळ? जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की भारनियमनानंतर संगणक उठतो तो थेट मागच्या कुठल्यातरी १ जानेवारीत. पुष्कळदा त्या तारखेला वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र निघालेलंच नसतं, म्हणून साइटच उघडत नाही आणि मुलं नेटवाल्याला बोल लावतात. पण तारीख बरोबर आणि घड्याळ सात मिनिटं मागे असेल, तर सगळं नीट चालतं. फक्त त्या मुलाला सात मिनिटं जास्त मिळतात. मुद्दाम घड्याळ मागे नेणाऱ्याला तर हवी तितकी.

म्हणूनच जेईई मेनसारख्या संगणकावरच्या परीक्षांच्या सूचनांत सुरुवातीलाच सांगितलेलं असतं की घड्याळ सर्व्हरवर लावलेलं आहे, आणि पडद्यावरचा टायमर शून्यावर आला की परीक्षा आपोआप संपेल. मुलं ती सूचना न वाचताच पुढे जातात, पण टायमर लिहिणाऱ्यानं ती नीट वाचावी.

सर्व्हरची वेळ मागवायची म्हणजे निरोप जाणार आणि उत्तर येणार. मुखेड तालुक्यातल्या एखाद्या वाडीत, नेट रडतखडत चालू असताना, या फेरीला दीड-दोन सेकंद सहज लागतात. उत्तरातली वेळ हाती पडेपर्यंत शिळी झालेली असते. किती शिळी, ते नेमकं कळत नाही. म्हणून जाऊन-येऊन लागलेल्या वेळेचा निम्मा भाग तिच्यात मिळवतात. जाताना जितका उशीर तितकाच येताना झाला असं धरून. हिशोब ढोबळ आहे, पण चार-पाच वेळा विचारून सगळ्यांत कमी वेळात आलेलं उत्तर धरलं तर सराव परीक्षेपुरतं भागतं. मग सर्व्हर आणि फोन यांच्यातला फरक टिपून ठेवायचा, दर सेकंदाला सर्व्हरचं दार ठोठावायचं नाही. खुद्द सर्व्हरनं वेळ कुणाकडून घ्यायची? देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते, आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरची घड्याळं तिच्याशी किंवा एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या घड्याळाशी जुळवून ठेवायची आहेत.

काही जण मधला रस्ता काढतात: पान पाठवतानाच त्यात ‘३६०० सेकंद उरले’ असं छापून पाठवतात. मधल्या एखाद्या साठवण-सर्व्हरनं ते पान जपून ठेवलं आणि अर्ध्या तासानं दुसऱ्याला तेच दिलं, तर त्यालाही ३६००. उरलेला वेळ पानात कधीही लिहू नये. शेवटचा क्षण लिहावा.

तो क्षण लिहिताना जागा सांगायची राहून जाते. मराठवाड्यात बसून काम करणाऱ्याला हे सुचत नाही, कारण आपल्याकडे सगळा देश एकाच वेळेवर चालतो. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. ‘२०२५-०९-१७’ अशी आडव्या रेघांची तारीख दिली, वेळ दिलीच नाही, तर जावास्क्रिप्ट ती जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र धरते. म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेपाच. पाटी मध्यरात्री शून्य व्हायला हवी, ती साडेपाच तास उशिरा होते. त्याच तारखेच्या शेवटी शून्य वाजून शून्य मिनिटं अशी वेळ जोडा, की ती बघणाऱ्याच्या गावची मध्यरात्र होते. नांदेडला नांदेडची, टोरांटोला टोरांटोची. हे दोन वेगळे नियम एकाच भाषेत गुण्यागोविंदानं नांदतात. शेवटी ‘अधिक साडेपाच तास’ हे शेपूट लावलं की दोन्ही भांडणं मिटतात.

तारखेची ही सरक किती खोल जाते त्याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. भूकंपांच्या जागतिक नोंदी जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात. तिथे हाच क्षण २९ सप्टेंबर, रात्री २२ वाजून २६ मिनिटं, असा आहे. आणि घरातल्या पंचांगाला विचारलं तर दिवस सूर्योदयाला बदलतो, म्हणून अनंत चतुर्दशीचा बुधवार अजून सरलाच नव्हता. तिन्ही नोंदी खऱ्या आहेत, क्षण एकच आहे. पण एखाद्यानं जागतिक नोंदीतून तारीख उचलली, वेळ टाकून दिली, आणि स्मृतिदिनाची पाटी केली, तर ती श्रद्धांजलीच्या एक दिवस आधीच बदलेल. नुसती तारीख साठवून वेळ फेकणं ही या कामातली मला सगळ्यांत महाग वाटणारी काटकसर.

फरकाची बेरीज-वजाबाकी स्वतः करायला जाणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा: जावास्क्रिप्टला भारताचा फरक मिनिटांत विचारला तर उत्तर येतं उणे ३३०. आपण प्रमाणवेळेच्या पुढे, तरी चिन्ह उणे. चिन्ह उलटं धरलं की उत्तर अकरा तासांनी चुकतं. परदेशात तर फरकही स्थिर नसतो. उन्हाळ्यात टोरांटो आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथला दिवस २५ तासांचा होतो. ‘एक दिवस म्हणजे २४ तास’ असं धरून केलेली नांदेडच्या लग्नाची पाटी तिथल्या मावशीच्या फोनवर दिवसांच्या आकड्यात अडखळू शकते. लग्न गोरज मुहूर्तावर असेल तर ते सूर्यास्ताशी बांधलेलं, आणि केवळ रेखांशांमुळे लातूरचा सूर्य मुंबईच्या साधारण पंधरा मिनिटं आधी मावळतो. तिथे आधी मुहूर्ताची वेळ भटजींकडून पक्की करून घ्यावी, मग संगणक उघडावा.

कुणाला वाटेल, एवढी यातायात कशाला, ब्राउझरला एकदाच सांगू: तीस दिवसांनी मला उठव. तो लगेच उठवतो! ‘सेटटाइमआउट’ला जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंद सांगता येतात, म्हणजे पंचवीस दिवसांना थोडे कमी. त्यापुढची मुदत त्याच्या खणात मावत नाही आणि तीस दिवसांचा निरोप तत्काळ वाजतो.

मराठी वेबसाइटींचा म्हणून एक खास घोटाळा आहे. तारीख-वेळ मराठीत दाखव असं ब्राउझरला सांगितलं की तो देवनागरी अंक देतो: २७, ०८, ४५. दिसायला झकास. पण पुढे कुणीतरी पडद्यावरचेच अंक उचलून त्यातून एक वजा करायला गेला, की जावास्क्रिप्टला ‘२७’ हा अंक वाटतच नाही. पुन्हा आपलं ‘नॅन’. हिशोब आत, इंग्रजी अंकांत. पडद्यावर फक्त छापील रूप. शिवाय काही फॉन्टांत १ ची रुंदी आणि ८ ची रुंदी वेगळी असते, म्हणून पाटी दर सेकंदाला डावी-उजवीकडे हलते. सगळे अंक सारख्या रुंदीचे मागून घेता येतात, फॉन्टात ती सोय असेल तर.

शेवटी शून्य. नवख्याचा टायमर ‘शून्य झालं का?’ असं विचारतो. हाक उशिरा आली तर शून्य हुकतं आणि उणे एक, उणे दोन असं सुरू होतं. ‘शून्य किंवा त्याहून कमी’ असं विचारावं. काही क्लासांच्या साइटींवर याच्या उलट प्रकार दिसतो: ‘सवलत दहा मिनिटांत संपणार’, आणि पान पुन्हा उघडलं की परत दहा मिनिटं. ही चूक नव्हे, नियत आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक तत्त्वांत अशी खोटी घाई तेरा निषिद्ध प्रकारांत मोजली आहे.

खऱ्या परीक्षेत शून्याला सगळ्यांच्या उत्तरपत्रिका एकाच सेकंदाला सर्व्हरवर आदळतात. म्हणून प्रत्येक उत्तर खूण केल्या केल्या पाठवून ठेवायचं, आणि उशीर झाला की नाही ते सर्व्हरनं त्याच्याच घड्याळानं ठरवायचं.

तपासणीला मोठं यंत्र लागत नाही. टायमर सुरू करायचा, फोनचं घड्याळ सात मिनिटं मागे न्यायचं, गाव बदलून टोरांटो करायचं, स्क्रीन बंद करून फोन खिशात टाकायचा आणि टपरीवर जायचं. चहा होईपर्यंत टपरीवाल्याच्या भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं गेली, तर फोन उघडल्यावर पाटीवरही दहाच गेलेली दिसली पाहिजेत.